फुकट झालेलं गाव

१४ सप्टेंबर, रविवार

काळ्या, पाय कसा आहे रे? काल लंगडत होतास. तांबडे, दाणे टिपलेस का? शेळीबाई, खोकला कमी आहे ना? आणि म्हातारबा, तुमची कंबर काय म्हणते?

रोज संध्याकाळी गावात पाऊल टाकलं की आधी अशी सगळ्यांची विचारपूस करतो. उत्तर कोणी देत नाही. काळ्या शेपूट हलवतो, तांबडी मान वाकडी करून बघते, धक्क्यावरचा म्हातारा कोळी टोपी काढतो. शेळीला खोकला नाहीच, तो मीच लावून दिलाय. बोलायला काहीतरी विषय लागतो.

उद्या ही वही मीच उघडली आणि डोकं चालेनासं झालेलं असलं तर कळावं म्हणून लिहून ठेवतो. हे गाव टीव्हीत आहे. प्रियंकाने बोनसच्या पैशातून ते काळं खोकं आणलं होतं, टीव्हीला जोडून खेळायचं. त्यात हा गेम. त्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण ती म्हणायची, "बाबा, मी गावाला जाऊन येते," आणि सोफ्यावर मांडी घालून बसायची. आमचं खरं गाव खटावकडे, तिथं ती मोजून दोनदा आली असेल. ह्या गावात मात्र तिने समुद्राच्या काठाला दुमजली घर बांधलं. खाली ओटी, स्वयंपाकघर, परसात वाफे. वर तिची खोली.

पोरगी तापाने गेली त्याला दोन वर्षं होत आली. खोकं तसंच पडून होतं. मागच्या दिवाळीच्या साफसफाईत मी ते पुसलं, बटण दाबलं, तर गाव समोर. कोंबड्या उपाशी. हिरव्या फ्रॉकातली तिची बाहुली दारात उभी, जणू कोणी हाक मारायची वाट बघतेय. कोंबड्यांना काय माहीत. मग शिकलो. रंगाच्या कारखान्यात डब्यांवरची लेबलं वाचून इंग्रजी शिकलेला माणूस मी, हे तर बटणांचं काम.

वनमाला टीव्हीकडे पाठ करून भाजी निवडते. म्हणते, "टीव्हीत भोपळे लावताय, इकडे गॅलरीतला कढीपत्ता वाळला."

१७ सप्टेंबर, बुधवार

आज पुन्हा उंबऱ्यावर मासा होता. काजवा नावाचा एक शेजारी आहे. म्हणजे खेळणारा कोणीतरी खराखुरा माणूस, कुठे बसलेला असतो देव जाणे, शेजारी आपलं म्हणायची पद्धत. पिवळी टोपी घातलेला त्याचा बाहुला मी यायच्या आधी येतो, मासा ठेवतो आणि जातो. मी हे घर सांभाळायला लागलो त्याच आठवड्यात पहिल्यांदा आला होता. दारावरच्या पाटीवर लिहून गेला होता, "परत आलीस?" बाहुली मुलीची, म्हणून "आलीस". बिचाऱ्याला कशाला लाजवा, मी नुसता हात हलवायचं बटण दाबलं. तो कितीतरी वेळ एका जागी उभा होता. मला वाटलं नेट अडकलं.

तेव्हापासून मासे. आता शेजाऱ्याने वाटीभर काही दिलं तर आपल्याकडे रिकामी वाटी परत करत नाहीत. म्हणून मीही त्याच्या दारात काहीबाही ठेवतो. कधी भोपळा, कधी अंडी. मागे एकदा फुलं ठेवली, त्या दिवशी वाफ्यात दुसरं काहीच तयार नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने पाचसहा मासे ठेवले होते. दिलदार माणूस आहे.

वनमालाला सांगितलं तर तिने विळीवरचा हात थांबवला. विचारलं, "कोण आहे तो? कुठला?" म्हटलं मला काय ठाऊक, तिथं कोणी पत्ता विचारत नाही. ती पुन्हा चिरायला लागली. मग भाजीत मीठ पडलंच नव्हतं.

२१ सप्टेंबर, रविवार

अक्षता आली होती. वनमालाच्या बहिणीची मुलगी, ठाण्याला लॅबमध्ये आहे, सुट्टीला डोकावून जाते. पोरगी हुशार आणि तोंडाने फटकळ. टीव्हीवर मोठी सूचना आली होती ती मी तिच्याकडून वाचून घेतली.

गाव एक तारखेपासून फुकट. आजवर हा गेम विकत घेतला त्यालाच आत यायला मिळत होतं. आता कोणीही या. आम्हा जुन्या लोकांचे आभार मानून कंपनी प्रत्येकाच्या दाराशी सोनेरी कमान लावून देणार आहे.

मला बरं वाटलं. म्हटलं चांगलं झालं, ज्यांना परवडत नव्हतं ती पोरंही खेळतील. पाणवठा सगळ्यांना खुला असावा हे आम्हाला कोणी वेगळं शिकवायला नको.

अक्षता म्हणाली, "काका, भोळे आहात. फुकट आत घेतायत म्हणजे आत दुकान मांडलं असणार. आता मोती निघालेत, मोत्यावर सगळं मिळणार. बघून दाबा जरा बटणं."

म्हटलं, आयुष्यभर मशीनची बटणंच दाबली गं, एक बोट गेलं नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

काय ती गर्दी! धक्क्यावर उभं राहायला जागा नाही. कोणी उड्या मारतंय, कोणी शेळीभोवती नाचतंय, एकाने डोक्यावर कलिंगड घातलेलं. म्हातारबा टोपी काढून काढून दमला असेल. पोरकटपणा आहे, पण जिवंतपणाही आहे. इतके दिवस मी, काजवा आणि दोनचार जुनी माणसं, बस. स्मशानशांतता म्हणायला नको, पण होती.

आपल्या दाराशी कमान लागलीय. सोनेरी, लग्नाच्या हॉलसारखी. प्रियंकाला अजिबात आवडली नसती.

दाराला आता नवी कडी आहे. आत जाताना विचारलं, दार बंद ठेवायचं, ओळखीच्यांपुरतं ठेवायचं, की सगळ्यांना उघडं? खाली बारीक अक्षरांत मोठा मजकूर होता, चष्म्यानेही लागेना. मी "सगळ्यांना उघडं" दाबलं.

ह्यात विचार करायचं काय होतं? विक्रोळीच्या चाळीत आमचं दार सकाळी उघडलं की झोपतानाच लागायचं. दिवसा दार लावलेलं दिसलं तर शेजारी विचारायचे, कोण आजारी आहे, का भांडण झालंय. प्रियंका रांगत रांगत चार खोल्या फिरून, चार घरी खाऊन यायची. मुलुंडच्या ह्या बिल्डिंगीत सातव्या मजल्यावर आलो तेव्हापासून दार लावून बसतोय, शेजारच्याचं नाव पाटीवर वाचलंय तेवढंच. म्हटलं इथं तरी घर उघडं राहू दे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पाहुण्यांवर पाहुणे. दुपारी वनमाला विहारात ग्रंथवाचनाला गेली की मी टीव्ही लावतो. आज ओटीवर बसून होतो, म्हणजे बाहुलीला बसवलं होतं. येणाऱ्याला हात हलवायचा, चहाचा कप पुढे ठेवायचा. कप फारसं कोणी घेत नाही. घाईची पोरं. सरळ जिना चढून वर जातात, वरून उतरतात, निघून जातात.

पण रीत आहे त्यांना. जाताना प्रत्येक जण एक मोती ठेवून जातो! खणकन आवाज येतो आणि कोपऱ्यातला आकडा वाढतो. आपल्याकडे पाहुणा निघताना लेकराच्या हातावर काहीतरी ठेवतो तसं. ओळख ना पाळख, कुठल्या मुलखातली पोरं असतील, पण कोणीतरी शिकवलेलं दिसतंय.

वनमाला आल्यावर तिला सांगितलं. म्हणाली, "वर कशाला जातात?"

म्हटलं तिची खोली बघायला जात असतील. छान लावली असेल तिने. तिला लहानपणापासून मांडामांडीची हौस.

"तुम्ही बघितली नाही?"

नाही बघितली. वर्ष होत आलं ह्या घरात वावरतोय पण जिना चढलो नाही. कोंबड्या, वाफे, ओटी, एवढं आपलं काम. तरण्या मुलीच्या खोलीत बाप न विचारता जात नाही. इथल्या घरात तिला वेगळी खोली कधी देऊ शकलो नाही, पडदा होता फक्त. तो पडदाही मी खोकल्याशिवाय सरकवला नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

गुडघा दुखतोय. मोती चिक्कार जमलेत. गर्दी थोडी ओसरली. येतात ते वर जातात आणि लगेच परत येतात, मोती न ठेवता. नव्याची नवलाई संपली असेल.

काजवा आज आला नाही. मासा नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

काजवा आला. मी वाफ्यात होतो. हात हलवला, त्याने हलवला नाही. आत गेला, जिना चढला. पहिल्यांदाच त्याला वर जाताना पाहिलं. बराच वेळ खाली आला नाही. मी भोपळा घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो, इतक्या दिवसांच्या माशांबद्दल हातात काहीतरी द्यावं म्हणून.

खाली उतरून तो माझ्यासमोर उभा राहिला. बाहुल्यांना चेहरा असतो पण त्यावर काही उमटत नाही, सगळे सदा हसरे. भोपळा त्याने घेतला नाही. निघून गेला.

माझं काय चुकलं कळेना. गर्दी आवडत नसेल त्याला. शांत माणूस दिसतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

आजचं लिहायला हात उठत नाही पण लिहितो.

अक्षता आली, चहा घेता घेता म्हणाली, "बघू काका, तुमचं गाव फुकट झाल्यावर कसं दिसतं." तिने ते हातातलं यंत्र घेतलं आणि माझ्या काही लक्षात यायच्या आत तिने बाहुली जिन्यावर चढवली.

वर काही नव्हतं.

नुसती लाकडी जमीन. खिडकी होती, तिच्यातून समुद्र दिसत होता. भिंतीवर चौकटींचे फिकट डाग, जिथं काही टांगलं असेल तिथं. जमिनीवर दोन जागी चार चार ठिपके, पाय टेकल्याचे. दोन खुर्च्या असाव्यात, खिडकीकडे तोंड करून.

अक्षता म्हणाली, "काका, हे काय केलंत?"

मग तिने तो बारीक मजकूर काढून वाचला. दार सगळ्यांना उघडं ठेवलं की ते घर बाजारात आलं. आत येणाऱ्याला हवी ती वस्तू उचलता येते, वस्तूमागे एक मोती मालकाला. पूर्वी असं नव्हतं, पूर्वी पाहुणा नुसता बघू शकायचा. आणि प्रियंकाच्या वरच्या खोलीतल्या वस्तू जुन्या, विकतच्या काळातल्या. आता दुकानात मिळत नाहीत, म्हणून नव्या पोरांनी आधी त्याच उचलल्या. एकमेकांना सांगून आली असतील.

मी विचारलं, मोती परत देऊन वस्तू मिळतील का? तिने कंपनीला तिथल्या तिथं लिहिलं. उत्तर लगेच आलं, माणसाचं नव्हतं. देवाणघेवाण मालकाच्या संमतीने झाली आहे, आमच्या गावात रमल्याबद्दल धन्यवाद.

वनमाला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. टीव्हीकडे तोंड करून. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने त्या गावाकडे नीट बघितलं आणि तिला रिकामी खोली दिसली.

अक्षता जाताना पाया पडली. एरवी पडत नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

कोंबड्यांना दाणे टाकले. दार लावून घेतलं. कोणाची विचारपूस केली नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दारावरच्या पाटीवर मजकूर होता. मराठीच, इंग्रजी अक्षरांत. दोनदा वाचून इथं उतरवतो.

"प्रियंका, काजव्यांच्या बरण्यासुद्धा देऊन टाकल्यास? खुर्च्याही? तुला मी नको असेन तर एकदा सांगायचं होतंस. फुलं ठेवलीस तेव्हा मला वाटलं राग गेला. आता येत नाही. सुखी राहा. चैतन्य."

मी पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. नंतर वनमालाला हाक मारली. ती आली, माझ्याशेजारी सोफ्यावर बसली, प्रियंका बसायची तशी मांडी घालून. तिला इंग्रजी अक्षरं लागत नाहीत, मी वाचून दाखवलं. "चैतन्य" म्हटल्यावर तिने पदर तोंडाला लावला.

तिला नाव माहीत होतं.

नाशिकचा मुलगा. ह्या गावातच ओळख झालेली, नंतर फोनवर बोलायचे. प्रियंकाने आईला सांगितलं होतं, दिवाळीला बाबांना सांगते, तोवर तू बोलू नकोस. त्यालाही बजावलं होतं की मी सांगेपर्यंत घरी यायचं नाही. दिवाळीच्या आधी ताप आला.

वनमाला म्हणाली, "हॉस्पिटलात फोन वाजायचा तेव्हा ती उशीखाली धरायची. नंतर तुम्ही फोन बंद केलात. मी कुठे शोधणार होते त्याला? मला नुसतं नाव माहीत. अन् तुम्ही टीव्ही लावला की मनात यायचं, विचारावं, तिथं कोणी नाशिकचा आहे का. जीभ वळायची नाही."

मी म्हटलं, मला सांगायला ती घाबरत होती का?

"घाबरत नव्हती हो. लाजत होती."

म्हणजे पोरगं समजलं की तिने तोडलं. वर्षभर तसं समजून राहिलं. मग एक दिवस तिची बाहुली वाफ्याला पाणी घालताना त्याला दिसली. त्याने मासा ठेवला आणि मी भोपळा ठेवला.

मी त्याच्या दारात फुलं ठेवली.

१८ ऑक्टोबर, शनिवार

वनमाला दोन दिवस एकच म्हणतेय, त्याला कळवा. मी म्हटलं, कळवून काय होणार? आज तो नुसता रागावलाय. रागावलेला माणूस कधीतरी विसरतो, लग्न करतो, संसाराला लागतो. त्याच्या डोक्यात ती कुठेतरी जिवंत आहे, बेइमान का होईना, पण जिवंत. तेवढं तरी राहू द्यावं.

वनमाला एकदम भडकली. "तुमच्या पोरीला कोणी बेइमान समजलेलं चालेल तुम्हाला? मला नाही चालणार. तिने कोणाचे दोन पैसे बुडवले नाहीत कधी."

 दुपारभर विचार केला. ती बरोबर आहे.

खरं सांगायचं तर मला भीती वाटतेय. 'पोरगी गेली' हे वाक्य आजवर मी कोणाला स्वतःहून सांगितलेलं नाही. बँकेत, ऑफिसात, नातेवाइकांत, सगळीकडे अक्षतानेच सांगितलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

अक्षता म्हणाली, तो गावात आला नाही तरी त्याच्या खोक्यावर निरोप पोचतो. पाटीवर थोडंच मावतं, तुकडे करून पाठवू. म्हटलं आधी मला वहीत सलग लिहू दे, मग तू तोड. वनमाला शेजारी बसून सांगत होती, हे घाला, ते नको. लिहिलं ते असं:

चैतन्य, बाळा,

हे प्रियंका लिहीत नाही. मी तिचा बाप, मधुकर. तुला "बाळा" म्हटलं, राग मानू नकोस, तुझं वय मला ठाऊक नाही.

प्रियंका गेली. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, तापाने. तिचा फोन मी बंद केला. तुला कळवायला हवं होतं, पण तू आहेस हेच मला माहीत नव्हतं. तिच्या आईला माहीत होतं. दिवाळीला प्रियंका मला सांगणार होती. ती तुझ्यावर रुसली नव्हती. शेवटपर्यंत नाही. हे तिची आई सांगतेय, आणि ती खोटं बोलत नाही.

गेलं वर्षभर गावात जी हिंडत होती ती बाहुली मी चालवत होतो. तू ठेवलेले मासे मी घेतले. ते माझ्यासाठी नव्हते. भोपळे, अंडी मी ठेवली, फुलंही मीच ठेवली. मी शेजारधर्म समजून करत होतो. तुला काय वाटलं असेल ते आता समजतंय आणि मला कुठे तोंड लपवावं कळत नाही.

खोलीतल्या वस्तू तिने कोणाला दिल्या नाहीत. गाव फुकट झालं तेव्हा मी दार सगळ्यांना उघडं ठेवलं. त्याने काय होतं ते मला समजलं नाही. बरण्या, खुर्च्या, सगळं त्यात गेलं. परत मिळत नाही, विचारून पाहिलं.

आम्ही दोघं मुलुंडला असतो. तिची आई म्हणते, कधीही ये, जेवायलाच ये. यावंसं वाटलं नाही तर तेही समजतो.

एक मागणं आहे. मी त्या खोलीत कधी गेलो नाही. मुलीची खोली म्हणून गेलो नाही, आणि आता गेलो तर काहीच नाही. कुठे काय मांडलं होतं, भिंतीवर कसली चित्रं होती, त्या खुर्च्यांवर बसून तुम्ही काय बघायचात, हे आता तुझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. तेवढं आम्हाला लिहून कळव. सावकाश, आठवेल तसं लिही. पण पहिली ओळ तरी लवकर पाठव. आम्ही दोघं टीव्ही लावून बसलोय.